पावसाळ्यात कुणी जातं का तिकडे?

आमच्या भोर-वेल्ह्याकडे पाहुणे यायचे दोन हंगाम ठरलेले आहेत. एक दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत आणि दुसरा मे महिन्यात. दिवाळीनंतर हवा चांगली असते, रस्ते कोरडे असतात, नवा तांदूळ घरात आलेला असतो. मे महिन्यात मुलांना सुट्ट्या असतात आणि करवंदं पिकलेली असतात. या दोन्ही वेळी येणारी मंडळी गाडीतून उतरतात, कमरेवर हात ठेवून तोरण्याकडे नाहीतर रायरेश्वराकडे बघतात आणि म्हणतात, "छान आहे हो, पण जरा उजाडच वाटतं, नाही?" मी चहा गाळता गाळता "हो ना" म्हणते. वाळक्या गवताच्या डोंगराला दुसरं काय म्हणणार?

हीच मंडळी जूनमध्ये फोन करून विचारतात, "पाऊस कसा आहे?" मी म्हणते, "झक्क आहे, या बघायला." त्यावर पलीकडून हसू येतं आणि ठरलेलं उत्तर, "पावसाळ्यात कुणी जातं का तिकडे?"

परदेशातल्या नातेवाइकांची तर गंमतच आहे. त्यांच्या मुलांच्या शाळांना सुट्टी जून ते ऑगस्ट. म्हणजे ही मंडळी येतात ती नेमकी भर पावसात. पण येऊन उतरतात पुण्याच्या फ्लॅटमध्ये, आणि बाहेर पाऊस आहे म्हणून मुलांना घेऊन जातात मॉलमध्ये. तिथून पन्नास-साठ किलोमीटरवर एक अख्खा मुलूख गुडघाभर चिखलात उभा राहून वर्षाचं काम उरकत असतो, त्याचा पत्ताही नसतो.

आज हे लिहायला बसले त्याला एक कारण आहे, ते पुढे येईलच. आधी मी स्वतः या मुलखात कशी आले ते सांगते, कारण मीही इथली नव्हे.

माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं, नीरा डाव्या कालव्याच्या शेपटाकडचं. शेपटाला राहणं म्हणजे काय ते तिकडच्यांनाच कळेल. वरच्यांची भिजवण झाली की मग आपली पाळी. "कालव्याला पाणी सुटलं" ही बातमी गावात कुणाचं लग्न ठरल्यासारखी पसरायची. आमच्याकडे वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही पडला तर. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी वीस वर्षांची होते. खडी फोडायला जाणाऱ्या बायका, सुकडी, मिलोच्या भाकरी, हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं नाही, डोळ्यांनी पाहिलेलं आहे. वडील संध्याकाळी ओट्यावर बसून पश्चिमेकडे बघत राहायचे. लांबवर वीज चमकली की म्हणायचे, "तिकडं पडतोय." हे 'तिकडं' म्हणजे नेमकं कुठं, हे आम्ही बहिणींनी त्यांना कधी विचारलं नाही.

१९७४ च्या जूनमध्ये मला पहिली नेमणूक मिळाली ती वेल्हे तालुक्यात, तोरण्याच्या पश्चिमेला एका वाडीवर. (डी.एड. झालं होतं. बी.ए. मी पुढे नोकरी करत बाहेरून केलं.) आपल्याकडे शाळा जूनमध्ये उघडतात, त्यामुळे शिक्षकाची नव्या गावाशी पहिली भेट बहुधा पावसातच होते. या बाबतीत आम्ही मास्तर लोक नशीबवान. पुण्याहून एसटी निघाली तेव्हा रस्ता नुसता ओला होता. नसरापूरला खिडक्या बंद कराव्या लागल्या. मार्गासनीच्या पुढे शेतापलीकडचं काही दिसेना. वेल्ह्याला उतरले तर चौदाशे मीटर उंचीचा तोरणा समोर असून दिसत नव्हता! मला तो पहिल्यांदा दिसला अकराव्या दिवशी, तोही पाचेक मिनिटं. तोवर मी एका आख्ख्या किल्ल्याच्या पायथ्याशी, त्याचं तोंडही न बघता, राहत होते.

त्या प्रवासात जे घडलं त्याचं कारण मी पुढे तीस-पस्तीस वर्षं भूगोलाच्या तासाला शिकवलं. अरबी समुद्रावरून आलेले वारे सह्याद्रीच्या भिंतीशी येऊन वर चढतात, चढताना थंड होतात आणि त्यांच्या पोटातलं पाणी घाटमाथ्यावर ओतून मोकळे होतात. पलीकडे पूर्वेला उतरताना तीच हवा तापते आणि कोरडी होते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथून शंभरेक किलोमीटरवरच्या बारामती-इंदापूरला त्याचा जेमतेम दहावा हिस्सा. एका भोर तालुक्यातसुद्धा हा फरक दिसतो. पश्चिमेला हिर्डोशी खोऱ्यात बायका भात लावत असतात तेव्हा महामार्गाकडच्या गावात शेतकरी कोरड्या ढेकळांकडे बघत उभा असतो. फळ्यावर डोंगर काढून, बाण दाखवून मी हे मुलांना समजावून सांगायचे. वाडीवरच्या मुलांना ते समजावावं लागत नसे. ती खिडकीकडे बोट दाखवायची.

मी राहायचे ती एका घराची पडवी होती. भिंती कारवीच्या कुडाच्या, वरून शेणामातीने लिंपलेल्या. पश्चिमेच्या बाजूला पावसाची झोड बसू नये म्हणून गवताचे ताटे बांधलेले. घरातल्या म्हाताऱ्या आजी माझ्या पहिल्या पावसाळ्याच्या गुरू. मे महिन्यातच त्यांची सगळी बेगमी झालेली असे. सरपण, गोवऱ्या, मीठ, मिरची, रॉकेल, सुकट-बोंबील. चुलीच्या वरच्या माळ्यावर सगळं नीट रचलेलं, म्हणजे धुराने सर्द होत नाही. आमच्या इंदापूरकडे मे महिन्यातलं बोलणं पाऊस येईल की नाही याचं. इथे, तो आला की चार महिने बाहेरचं काही मिळणार नाही, याचं.

मृगाचा पाऊस सुरू झाला की पेरलेले तरवे वर येतात. हे तरवे म्हणजे भाताची रोपं. त्यासाठी उन्हाळ्यातच जमिनीच्या एका तुकड्यावर शेण, पालापाचोळा, गवत पसरून राब भाजून ठेवलेला असतो. आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य ही लावणीची नक्षत्रं. इकडे पुनर्वसूच्या पावसाला 'तरणा' म्हणतात आणि पुष्याच्या पावसाला 'म्हातारा'. (कुठला जास्त झोडपतो यावर घराघरात वाद असतो.) खाचरात पाणी साठवायचं, औत घालून चिखलणी करायची आणि मग बायकांनी रांगेने वाकून एकेक रोप लावत मागे सरकायचं. मी आले तेव्हा बैल होते, आता बहुतेक ठिकाणी पॉवर टिलर आहे. वाकणं मात्र तेच राहिलं. डोक्यावर पूर्वी बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं इरलं असायचं, आता प्लास्टिकच्या कागदाची खोळ असते. आज तुमच्या खाचरात, उद्या आमच्या, अशी सावड चालते, कारण पाऊस कुणासाठी थांबत नाही आणि एकट्या घराने लावणी उरकत नाही.

त्या महिन्यात माझ्या शाळेचं हजेरीपत्रक बघण्यासारखं असे. पंचवीस पटाच्या शाळेत सात-आठ मुलं. मोठी मुलं लावणीला, त्यांच्या पाठच्या बहिणी घरी तान्ह्यांना सांभाळायला, आणि पलीकडच्या वाडीची मुलं ओढ्याला पाणी म्हणून घरीच. साहेब तपासणीला आले की उपस्थिती कमी का, असं विचारत. मी म्हणायचे, "साहेब, हे हजेरीपत्रक म्हणजे पर्जन्यमापक आहे. ज्या दिवशी शून्य हजेरी, त्या दिवशी दहा-बारा इंच समजा." साहेब हसायचे. ते स्वतः दोन ओढे ओलांडून, पँट गुडघ्यापर्यंत वर करून आलेले असत.

ओढ्यावरून आठवलं. आजींनी मला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवली. ओढ्याकाठी आलं की आधी पाण्याच्या कडेला एक दगड ठेवायचा आणि थांबायचं. दगड बुडाला तर पाणी चढतंय, घरी परत फिरायचं. दगड कोरडा राहून पाणी मागे गेलं तर उतरतंय, तरी लगेच पाय घालायचा नाही. "पानी लाल हाय तवर त्ये आपलं न्हाई बाई, डोंगराचं हाय," असं त्या म्हणायच्या. वर डोंगरात कुठे काय कोसळलंय हे खाली आपल्याला दिसत नाही. इथे ऊन पडलेलं असतं आणि तासापूर्वी वर पडलेलं पाणी आत्ता खाली पोचत असतं. मी तो दगड ठेवायला माझ्या प्रत्येक वर्गाला शिकवलं. व्याकरणातलं किती जणांच्या लक्षात राहिलं कोण जाणे, दगड सगळ्यांच्या लक्षात आहे.

आता लिहिण्याचं कारण.

१९७६ च्या श्रावणात वडील माझ्या धाकट्या बहिणीला घेऊन आठ दिवस माझ्याकडे राहायला आले. ती तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची. पहिले दोन दिवस तिला काही बोलायलाच सुचेना. ती नुसती पडवीत बसून पागोळ्यांखाली हात धरायची. पाणी असं फुकट, न मागता, पाळी न लावता पडत राहतं, हे तिला पटतच नव्हतं. आजींनी तिला टाकळ्याची, कुर्डूची, भारंगीची भाजी खाऊ घातली. पोरांनी खेकडे आणि चढणीचे मासे पकडायला नेलं. नाचणीच्या भाकरीबरोबर खेकड्याचा रस्सा खाऊन तिने जाहीर केलं की ती आता इंदापूरला परत जाणार नाही.

जाताना वडील म्हणाले, "एवढं आलोय तर भाटघर बघू." म्हणून आम्ही भोरला गेलो. भाटघरचं धरण वेळवंडी नदीवर आहे. १९२८ मध्ये पुरं झालं, साडेतेवीस टीएमसीचं. धरण भरलं की त्याचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. त्या दिवशी ते उघडले होते. पाण्याचा आवाज एवढा होता की आम्ही एकमेकांशी खुणांनी बोलत होतो. वडिलांनी डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली आणि बराच वेळ बघत उभे राहिले. आयुष्यभर ते ज्या पाण्याची वाट बघत आले, ते इथे होतं. भाटघरचं पाणी नीरेत येतं, नीरा वीरच्या धरणात, आणि तिथून डावा कालवा निघून बारामतीवरून आमच्या शेपटापर्यंत. माझ्या वाडीवरचं पाणीसुद्धा कानंदी आणि गुंजवणी करत नीरेलाच मिळतं. वडील आवाजातून ओरडून एवढंच बोलले, "हे तिकडं!"

बहीण पुढे लग्न होऊन पुण्याला आली. दोन वर्षांपूर्वी ती गेली. तिची मुलगी न्यू जर्सीला असते, तिची दोन मुलं तिथेच जन्मली. माझ्या भाचीला तिची आई लहानपणी झोपताना त्या आठ दिवसांची गोष्ट सांगायची, इतक्यांदा की भाचीला आजींच्या पडवीत किती पागोळ्या पडायच्या हेसुद्धा ठाऊक आहे. आजवर ती आठ-नऊ वेळा भारतात आली. तोरणा पाहिला तो डिसेंबरात, पिवळा. गेल्या महिन्यात तिने फोनवर विचारलं, "मावशी, आईने पाहिलेला पाऊस मला बघायचाय. जुलैत मुलांना घेऊन आले तर चालेल का?"

घरातल्या वडीलधाऱ्यांना हे कळलं आणि फोनावर फोन. डिसेंबरात ये, मुलं आजारी पडतील, दरडी कोसळतात, मावशीचं काय ऐकतेस, तिला पावसाचं वेडच आहे. त्या सगळ्यांना एकेकट्याने उत्तर देण्यापेक्षा इथे एकदाच लिहिते.

तुमची भीती खोटी नाही. ३० जुलै २०१४ ला आपल्याच जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यात, माळीण गाव डोंगराखाली गेलं. दीडशेच्या वर माणसं गेली. गाव जागेवर नाही हे आधी एसटीच्या चालकाच्या लक्षात आलं. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळीयेवर दरड कोसळली, ८० हून अधिक माणसं गेली. महाड म्हणजे आमच्या वरंध घाटाच्या खालचाच मुलूख, भोरहून घाट उतरला की पलीकडे तोच. हा घाट पावसाळ्यात कितीदा तरी बंद करावा लागतो. ३० जून २०२४ ला लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. ते दृश्य तुम्ही सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं आहे. पाणी हळूहळू नव्हे, एकदम वाढलं. ती माणसं मध्ये उभी होती, एकमेकांना धरून. मला तेव्हा आजींचा दगड आठवला आणि रात्रभर झोप आली नाही.

हल्ली पावसाळ्यातही पाहुणे येऊ लागलेत, शनिवार-रविवारचे. मढे घाटाला, केळदला, भाटघरच्या काठाला गाड्यांच्या रांगा लागतात. अपघात वाढले म्हणून आता पावसाळ्यात काही ठिकाणी बंदीहुकूमही निघतात. मी या तरुण मुलांना नावं ठेवणार नाही. आठवडाभर ऑफिसात बसून त्यांना भिजावंसं वाटलं तर त्यात वाईट काय आहे? पण सकाळी येऊन धबधब्याखाली उभं राहून संध्याकाळी परत जायचं, यात गावाशी एक शब्दसुद्धा बोलणं होत नाही. आणि ज्याच्याशी बोलणं नाही, तो तुम्हाला पाणी लाल झालंय हे सांगणार कसं? रस्त्याच्या कडेला इरलं घेऊन उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला पाच मिनिटं विचारलं तर तो वर बघून सांगेल, आज इथे थांबू नका म्हणून. त्याला ते शिकावं लागलेलं आहे. पावसाळ्यात आजारी माणसाला डोलीत घालून चिखलातून खांद्यावर न्यायची वेळ ज्यांच्यावर आलेली आहे, त्यांना पावसाचं कौतुकही आहे आणि धाकही. मी दोन्ही त्यांच्याकडूनच घेतलं.

मग मी भाचीला "ये" का म्हणते?

कारण या मुलखाचं वर्षभराचं जगणं या चार महिन्यांत ठरतं. डिसेंबरात तुम्ही इथे इंद्रायणीचा वाफाळता भात जेवता आणि वास किती छान म्हणता, तो वास जुलैत चिखलात वाकलेल्या कमरांचा आहे. मे महिन्यात भाटघरचं पाणी खाली गेल्यावर तुम्ही कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडलेलं बघायला येता. ते पाण्याखाली का गेलं, आणि ते पाणी कुठे गेलं, हे बघायला तुम्हाला ऑगस्टात यायला हवं. वेल्ह्याच्या पानशेतचं पाणी पुण्याला जातं. (पुणेकरांना पानशेत म्हटलं की १२ जुलै १९६१ आठवतो, ते साहजिकच आहे. पण रोज सकाळी नळ सोडताना तो कुणाला आठवत नाही.) दुसऱ्या उताराचं पाणी नीरेवाटे बारामती, फलटण, इंदापूरकडे जातं. आणि इथे? एवढ्या पावसाच्या मुलखात एप्रिल-मे मध्ये डोंगरावरच्या वाड्यांना टँकर लागतात. आमचा काळा कातळ पाणी पोटात फारसं धरत नाही. उतार तीव्र, माती थोडी. पडलं की ते धावतच खाली जातं, धरणात साठतं, आणि धरणातलं पाणी वर चढत नाही. माझ्या वाडीवरच्या बायका मे महिन्यात एका झऱ्यापाशी हंडे लावून रात्र काढायच्या, खाली लांबवर धरणाचं पाणी चांदण्यात चमकत असायचं.

मी शेपटाकडची मुलगी. कालव्याचं पाणी कमी आलं की वरच्यांना शिव्या देणाऱ्या गावात वाढले. वरच्यांच्याही वर कोण राहतं ते इथे येऊन पाहिलं. वडिलांनीही पाहिलं. त्या भेटीनंतर घरी गेल्यावर ते दरवर्षी श्रावणात मला पत्र लिहायचे आणि आजींना नमस्कार सांगायचे. एकदा त्यांनी कालव्याच्या पाण्यावरची पोतंभर ज्वारी एसटीने वेल्ह्याला धाडली. आजींनी उलट आंबेमोहोर पाठवला. धरणं आणि कालवे बांधताना अशा देवाणघेवाणीचा विचार कुणी केला नव्हता, पण दोन घरांपुरती ती झाली, ती त्या आठ दिवसांमुळे. डिसेंबरात आले असते तर वडिलांनी काय पाहिलं असतं? एक उजाड डोंगर.

आमचं कुलदैवत नीरा-नरसिंहपूरचा नरसिंह. तिथे नीरा आणि भीमा एकत्र येतात. नकाशा काढून बघा. वेल्ह्याच्या डोंगरधारेच्या एका बाजूला पडलेला थेंब पानशेतवरून मुठेत जातो, पुण्यातून पुढे भीमेला मिळतो. दुसऱ्या बाजूला पडलेला नीरेत येतो. पुण्याच्या नळांनी, शेतांनी, वाटेतल्या धरणांनी दोघांतलंही बरंचसं पाणी काढून घेतलेलं असतं. जे उरतं ते नरसिंहपूरला भेटतं. बहिणीच्या अस्थी आम्ही तिथेच सोडल्या. तेव्हा आश्विन होता, दोन्ही नद्या भरून वाहत होत्या, आणि एका बाजूचं पाणी थोडं गढूळ होतं.

तर भाचीबाई, जरूर ये. चार-पाच गोष्टी मात्र ऐकायच्या.

एक दिवसासाठी यायचं नाही, निदान आठ दिवस हवेत. त्यातले तीन-चार दिवस काहीच दिसणार नाही, नुसतं धुकं आणि पाऊस. त्या दिवसांत कंटाळा येईल, मुलं तक्रार करतील. करू देत. चुलीपाशी बसवू, भुईमुगाच्या शेंगा भाजू. वीज जाईल, मोबाइलला रेंज नसेल. गाडी मढे घाटाच्या कड्याशी न्यायची नाही आणि कुठल्याही धबधब्याखाली उभं राहायचं नाही. लांबून पाहिला तरी धबधबा तेवढाच पांढरा दिसतो. वरंध घाटाचं नावही काढायचं नाही. मी राहते ती भोरमधली जागा पक्की आहे, मागे डोंगर नाही. वाडीवर जायचं ते पाऊस बघून, आणि तिथली माणसं "आज नको" म्हणाली तर वाद घालायचा नाही.

लावणी चालू असेल तर मुलांना खाचरात उतरवू. दोन ओळी लावतील, कंबर धरतील, बाहेर येतील. पुरे. लावलेली रोपं नीट आहेत का ते नंतर कुणीतरी हळूच बघून जाईल, त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. आजी आता नाहीत, पण त्यांची सून आहे, तीही आता आजी झाली आहे. पडवीच्या जागी सिमेंटचं घर झालंय आणि छपराला पत्रे आहेत. पागोळ्या पत्र्याच्याही पडतात. तुझ्या आईने मोजल्या होत्या तितक्या आहेत का ते तूच मोज.

ज्यांना जुलै जमत नसेल त्यांनी सप्टेंबरात यावं. पाऊस ओसरतो, सोनकीने पठारं पिवळी होतात, तेरडा फुलतो आणि तोरणा रोज दिसतो. कारवी मात्र सात वर्षांतून एकदाच फुलते, तिच्यासाठी तिच्याच सवडीने यावं लागतं. सरकारने आता वेल्हे तालुक्याचं नाव राजगड केलं आहे, तेव्हा पाट्या बघून गोंधळू नका. विचारताना वेल्हे म्हटलं तरी सगळे रस्ता दाखवतात.

आणि हो, छत्र्या आणू नका. इथल्या वाऱ्यात त्या उलट्या होतात आणि मग गावातली पोरं दिवसभर हसतात. खोळी मी शिवून ठेवते आहे, मोठ्या दोन आणि लहान दोन. बाकी भेटीअंती.